पानिपतचा दोष कोणाच्या पदरी?

दिल्लीहून उत्तरेला सुमारे नव्वद किलोमीटरवर पानिपत आहे आणि त्या शहराबाहेर सात-आठ किलोमीटरवर काला अंब. एका आंब्याच्या झाडावरून हे नाव पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ याच झाडाच्या आसपास शेवटचे लढले, रक्ताने इथली माती काळवंडली आणि आंब्याच्या फळातून काळपट रस येऊ लागला, अशी परिसरातली समजूत आहे. झाड पुढे वाळले. त्याच्या लाकडाची दारे घडवली गेली आणि ती पानिपतच्या संग्रहालयात ठेवली आहेत, असे सांगतात. झाडाच्या जागी आता विटांचा स्तंभ आहे. त्यावर लोखंडी दांडा असून भोवती लोखंडी कुंपण आहे. दर वर्षी संक्रांतीला महाराष्ट्रातून लोक येथे येतात. हरियाणातला रोड समाजही येतो. आपण पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, असे तो मानतो.

त्या दिवशी काय झाले, हे थोडक्यात सांगता येते. १७६० च्या ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. त्याच महिन्याअखेर अहमदशहा अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. दोन्ही सैन्ये पानिपताशी खंदक खणून अडीच महिने समोरासमोर राहिली. मराठ्यांची रसद तुटली. छावणीत लढवय्यांबरोबर बायका, मुले, कारकून, व्यापारी आणि तीर्थयात्रेला निघालेले लोक होते. त्यांनाही खायला लागत होते. ७ डिसेंबरला मराठा सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले. गोविंदपंत बुंदेले अंतर्वेदीतून रसद आणि पैसा पाठवीत होते, तेही त्याच महिन्यात मारले गेले. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरवून मराठे १४ जानेवारीला खंदकाबाहेर पडले. दुपारपर्यंत मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पलटणी भारी ठरत होत्या. दुपारनंतर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. मल्हारराव होळकर फौज घेऊन निघून गेले. मग कत्तल सुरू झाली.

पराभवाची बातमी दक्षिणेत पोहोचली तेव्हापासून एकच प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला: चूक कोणाची? या प्रश्नाला मराठी माणसाने अडीचशे वर्षांत जितकी उत्तरे दिली, तितकी दुसऱ्या कोणत्याही ऐतिहासिक प्रश्नाला क्वचितच दिली असतील. बहुतेक उत्तरांमध्ये दोष दुसऱ्याच्या पदरी टाकलेला आहे.

बखरकारांनी सुरुवात केली. कृष्णाजी शामराव याच्या नावाने ओळखली जाणारी 'भाऊसाहेबांची बखर' लढाईनंतर थोड्याच काळात लिहिली गेली. तिच्यात भाऊंचा ताठा ठळकपणे येतो. अवजड तोफखाना आणि बायका-मुले मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा जाटांचा राजा सूरजमल आणि मल्हारराव यांचा सल्ला भाऊंनी धुडकावला. शिवाय त्यांना टोचून बोलले, असे बखर सांगते. रघुनाथ यादवाची पानिपतची बखर नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेल्याचे सांगतात. ज्या आईचा मुलगा त्या रणात पडला, तिने वृत्तांत लिहून मागवला, हे समजण्यासारखे आहे. तिसरा महत्त्वाचा साक्षीदार काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या नोकरीत होता, म्हणजे शत्रूच्या गोटात बसलेला मराठी माणूस. त्याने फारसीत लिहिलेला वृत्तांत युरोपीय अभ्यासकांनी प्रमाण मानला, तो याच वेगळेपणामुळे. काशीराजाच्या लेखनात कैफियत कमी आणि पाहिलेले अधिक आहे.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि वादाला नवे बळ मिळाले. जेम्स ग्रँट डफचा इतिहास १८२६ मध्ये निघाला. १८९८ मध्ये वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळातली पत्रे त्यात आहेत. त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी भाऊंची बाजू घेतली आणि ठपका मुख्यतः गोविंदपंत बुंदेले व मल्हारराव होळकर यांच्यावर ठेवला. पत्रे अस्सल होती, पण न्याय घाईचा होता. ज्या गोविंदपंताचे शिर कापून अब्दालीकडे नेले गेले, त्याच्यावर कामचुकारपणाचा आरोप ठेवताना राजवाड्यांच्या लेखणीला फारशी शंका आलेली दिसत नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि लढाईला दोनशे वर्षे झाली त्या १९६१ साली मराठीत पानिपतावर ग्रंथ लिहिला. पानिपताचा विचार व्यक्तींच्या भांडणापलीकडे, मराठी राज्याच्या एकंदर वागणुकीपर्यंत नेण्याचे काम त्यांनी केले. १९८८ मध्ये विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी आली आणि भाऊंची प्रतिमा सर्वसामान्य वाचकांच्या मनात पुन्हा उजळली. भाऊ निर्दोष, मल्हारराव दोषी. मल्हारराव शहाणे, भाऊ हट्टी. अब्दालीला साथ देणाऱ्या नजीबखानाला पूर्वी पाठीशी घातले तेच चुकले. मुळात उत्तरेत जायलाच नको होते. गेल्या शतकभरात मराठी घरांत आणि पारांवर या चार बाजू कधी थांबल्या नाहीत.

या साऱ्या वादात एक माणूस बहुधा सुटतो. तो म्हणजे नानासाहेब पेशवे. भाऊ पानिपतात उपाशी सैन्य घेऊन वाट पाहत होते, तेव्हा नानासाहेब फौजेसह उत्तरेकडे निघाले होते खरे. पण वाटेत २७ डिसेंबर १७६० रोजी पैठणजवळ त्यांनी एका लहान मुलीशी दुसरे लग्न केले. सैन्य पोहोचायला उशीर का झाला, याचे पूर्ण उत्तर या लग्नात नाही. पण राज्यकर्त्याच्या मनाची त्या आठवड्यातली अवस्था त्यातून दिसते. पराभवाची बातमी ऐकून ते खचले, पुण्याला परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. आपल्या चुकीबद्दल त्यांनी कोणाजवळ काही कबूल केल्याचा पुरावा नाही. दुःख मात्र अपार होते. दुःख म्हणजे जबाबदारी घेणे नव्हे, हा फरक पानिपताच्या वाङ्मयात वारंवार पुसला गेला आहे.

दोष दुसऱ्यावर न टाकता आपल्या पदरी घेणाऱ्यांची उदाहरणे कमी आहेत, पण ती त्याच पिढीतली आहेत. त्यातले पहिले नानासाहेबांच्या मुलाचे.

माधवराव पेशवेपदावर आले, तेव्हा सोळा वर्षांचे होते. राज्यावर कर्जाचा डोंगर होता, उत्तरेचा वसूल बुडाला होता, दक्षिणेत निजाम संधी पाहत होता आणि घरात काका रघुनाथराव सत्तेसाठी अडून बसले होते. माधवराव तापट होते, हे त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत. त्यांचा दुसरा दोष कमी चर्चिला जातो: धर्मकृत्यांत इतके गुंतणे की कारभार वाट पाहत राहावा. हा दोष आणि तो सुटल्याची हकीकत रामशास्त्री प्रभुण्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. ग्रँट डफनेही ती नोंदवली आहे.

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. विशीपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती, असे परंपरा सांगते. साताऱ्याच्या अनगळ सावकाराकडे ते पाणी घालायला होते. एकदा सावकाराच्या पायांवर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या कानातल्या मोत्यांच्या भिकबाळीवर खिळली. सावकार म्हणाला की असले दागिने विद्वानाला नाहीतर शूराला शोभतात, पाणक्याला नव्हे. रामशास्त्र्यांनी नोकरी सोडली, काशी गाठली आणि तेथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला. आख्यायिकेतला कानाचा दागिना खरा असो वा नसो, उशिरा शिकून ते पुण्याचे न्यायाधीश झाले, हे खरे. स्वतःचा दोष ओळखून तो स्वतःच दूर करणारा माणूस होता तो. दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार त्याला तिथून मिळाला.

एके दिवशी रामशास्त्री वाड्यात कामासाठी गेले, तेव्हा माधवराव जपाला बसले होते. शास्त्रीबुवा न बोलता परतले. दुसऱ्या दिवशी काशीला जाण्याची रजा मागायला आले. पेशव्यांनी आदल्या दिवशीची क्षमा मागितली, पण जप करणे हे ब्राह्मणाचे कर्तव्यच आहे, असे समर्थनही केले. रामशास्त्र्यांचे उत्तर असे होते: ब्राह्मणाचेच आचार पाळायचे असतील तर सिंहासन सोडून आपण दोघेही गंगाकाठी जाऊ. प्रजेचा भार घेतला असेल तर प्रजेचे काम हीच पूजा. माधवरावांनी चूक मान्य केली आणि ती सवय सोडली. या गोष्टीत शास्त्र्यांचा स्पष्टवक्तेपणा सगळ्यांच्या लक्षात राहतो. तितकेच कठीण काम पेशव्याचे होते. सोळा-सतराव्या वर्षी राज्य हाती आलेल्या तरुणाने, ज्याच्याभोवती हांजी-हांजी करणारे शेकड्यांनी होते, एका पंडिताचे बोलणे ऐकून आपली दिनचर्या बदलली. तीही वाईट वाटावी अशी नव्हती. जपाला कोण नावे ठेवणार?

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने वारण्यापूर्वी माधवरावांनी नऊ कलमांची एक यादी केली. राज्यावरचे कर्ज फेडून टाकावे, हे त्यातले एक प्रमुख कलम. त्यातला मोठा भाग वडिलांच्या काळातला होता, पानिपताच्या खर्चाचा होता. तरी ते आपले समजून फेडण्याची तजवीज केली गेली. रणजित देसाईंच्या 'स्वामी'ने १९६२ मध्ये माधवरावांना घराघरांत नेले. त्या कादंबरीतले प्रेमळ आणि करुण माधवराव लोकांच्या मनात इतके रुजले आहेत की हिशेबाच्या वहीत बसलेला पेशवा मागे पडला.

दुसरे उदाहरण महादजी शिंद्यांचे, आणि ते वेगळ्या जातीचे आहे. पानिपतातून पळताना एका अफगाणाने पाठलाग करून त्यांच्या पायावर घाव घातला. तो पाय कायमचा अधू झाला. राणेखान नावाच्या एका भिश्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. महादजींनी राणेखानाला आयुष्यभर भाऊ मानले आणि मोठ्या सरदारकीपर्यंत चढवले. तो पाठलाग करणारा अफगाण आपल्याला झोपेतही दिसतो, असे महादजी म्हणत, असे ग्रँट डफ लिहितो. महादजींनी कबुलीजबाब लिहिला नाही. मात्र पानिपतात शिस्तबद्ध पायदळ आणि तोफखाना कसे लढले, हे त्यांनी पाहिले होते, आणि आपल्या घोडदळाच्या जोरावर फुशारक्या मारण्याची सवय किती महाग पडते हेही. १० फेब्रुवारी १७७१ ला मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली. १७८४ पासून बेन्वा द ब्वान्य या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली महादजींनी नव्या कवायतीच्या पलटणी उभारल्या. सरदार पडतो तेव्हा फौज फुटते, ही पानिपतातली खोड कवायती पलटणींना कमी लागते. घोडदळाच्या वंशपरंपरागत सरदाराने ही गोष्ट मान्य केली, यातच त्याचे मोठेपण आहे. मात्र ही सुधारणा पराभवाची होती, स्वभावाची नव्हती. पुण्याशी आणि होळकरांशी महादजींची चुरस शेवटपर्यंत तशीच राहिली.

तिसरे उदाहरण सर्वांत विलक्षण आणि सर्वांत अडचणीचे आहे. ते बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणविसांचे.

नानांच्या आजोबांचा शेवट दिल्लीतच झाला होता. बाळाजी महादजी भानू १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांबरोबर सनदा आणायला दिल्लीला गेले आणि तिथल्या दंग्यात मारले गेले. नातू १२ फेब्रुवारी १७४२ ला साताऱ्यात जन्मला. वडील गेल्यावर कोवळ्या वयातच तो फडणिशी पाहू लागला. पानिपताच्या मोहिमेत तो भाऊंबरोबर गेला, तेव्हा त्याचे एकोणिसावे वर्ष चालू होते. बरोबर आई होती, बायको होती. लढाईपेक्षा तीर्थयात्रेचा हेतू अधिक होता. मथुरा-वृंदावन झाले. पानिपताच्या खंदकात ते सगळे अडकले.

नानाने पुढे आपल्या आयुष्याची पहिली वीस वर्षे लिहून काढली. हे छोटे आत्मचरित्र मराठी गद्यात एकटे उभे आहे. अठराव्या शतकात मराठीत हिशेब, पत्रे, बखरी आणि करीणे भरपूर लिहिले गेले. 'मी' हा त्यांत बहुधा आज्ञा देणारा किंवा आर्जव करणारा असतो. स्वतःच्या मनाचा हिशेब देणारा 'मी' तोपर्यंत संतांच्या अभंगांतच सापडत होता. तुकारामांनी आणि बहिणाबाईंनी स्वतःला दोष दिला तो देवासमोर. एका सरकारी कारकुनाने तसे गद्यात करावे, हे नवीन होते.

लेखन वेदान्ताच्या भाषेत सुरू होते: परमात्मा, माया, जीवाचा फेरा. मग बालपण येते. मूर्ती मांडून पूजेचा खेळ खेळण्याची आवड, दहाव्या वर्षी झालेले लग्न, घोड्यावरून पडणे, वडिलांचा मृत्यू, श्रीरंगपट्टणच्या मोहिमेला जाणे. त्यानंतर तो आपल्या तारुण्यातल्या कामवासनेबद्दल लिहितो. आडपडदा नाही, सबब नाही. संगत वाईट होती म्हणून, वय कोवळे होते म्हणून, असा आधार तो घेत नाही. आपले मन विकारांनी भरले होते आणि ते आवरत नव्हते, हे त्याच्या निवेदनाचे सार. ज्या समाजात मोठ्या घरचा पुरुष अशा गोष्टी बोलत नसे, तेथे हे लिहिले गेले.

मग पानिपत. भाऊंचा स्वभाव बदलत गेला, जुन्या सल्लागारांचे ऐकेनासे झाले, असे नाना नोंदवतो. पण भाऊंवर प्रकरण ढकलून तो मोकळा होत नाही. लढाईच्या संध्याकाळी तो पळाला. हे तो सांगतो. कपडे टाकून दिले, पायी चालला, वाटेत सोबतचे मारले गेले, गवतात लपला, झाडपाला खाल्ला, शेवटी रेवाडीला पोहोचला. आईची ताटातूट झाली आणि ती पुन्हा भेटली नाही. पत्नी वाचली. शेकडो वाचलेल्यांनी आपण कसे लढलो ते सांगितले असेल. मी कसा पळालो हे लिहून ठेवणारा मराठी माणूस त्या काळात हाच एक आढळतो. ज्याला काला अंबापाशी केवळ वीरगाथा हवी असते, त्याला हे वाचताना अवघडल्यासारखे होते, आणि व्हावेही. बखरींच्या ढिगातून पानिपताची धूळ खरी अंगावर येते ती या काही पानांत. अशा निर्विकारपणे स्वतःची भीती सांगायला लढण्याइतकेच धैर्य लागते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो मोह टाळावा, कारण नानानेच स्वतःबद्दल तसा दावा केलेला नाही.

जॉन ब्रिग्जने १८२९ च्या सुमारास याचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या वृत्तांतात प्रसिद्ध केले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९२ मध्ये नानांचे मराठी चरित्र लिहिले. तरी शाळेत नाना फडणविसांची ओळख होते ती कारस्थानी मुत्सद्दी म्हणून. आपले दोष टिपणारा तरुण पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो.

कबुलीने दोष जातो का? नानांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले तर उत्तर दुभंगते. रघुनाथरावांविरुद्ध बारभाईचे कारस्थान त्यांनी १७७४ मध्ये उभे केले. इंग्रजांशी सात वर्षे झुंज देऊन १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत राज्य टिकवले. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाला नमवले. रणांगणाचे त्यांना जन्मभर वावडे राहिले, आणि ते त्यांनी लपवले नाही. लढाई सरदारांवर सोपवून आपण कागद, हेर आणि पैसा यांच्या बळावर राज्य चालवले. आपले उणे ओळखून कामाची वाटणी करणे हा दोष सुधारण्याचा एक मार्ग आहे, आणि तेवढ्यापुरते नाना यशस्वी झाले.

पण तरुणपणी ज्या विकारांची कबुली त्यांनी दिली होती, ते गेले नाहीत. नऊ लग्ने झाली. संशय वाढत गेला. तरुण पेशवे सवाई माधवराव यांच्यावर त्यांची इतकी करडी नजर असे की कोण भेटायला येतो, काय बोलतो, सगळे कळावे. तो एकवीस वर्षांचा पेशवा ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून मेला. आत्महत्या की अपघात, हा वाद अजून चालू आहे. नानांच्या कडक देखरेखीचा त्याला जाच होता, यात मात्र वाद नाही. १७९७ च्या अखेरीस महादजींचे वारस दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद करून अहमदनगरला ठेवले. सुटून ते पुन्हा कारभारात आले. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले.

सत्तेतल्या या दीर्घ काळात नानांनी हजारो पत्रे लिहिली आणि लिहवली. मेणवलीच्या वाड्यात त्यांचे दप्तर सापडले. त्यात राज्याची नोंद आहे, कर्जाची आहे, बातमीदारांची आहे. आत्मचरित्र मात्र १७६१ पाशी थांबते. पुढच्या एकोणचाळीस वर्षांचा तसा हिशेब त्यांनी लिहिला नाही.